घर भाड्याने, मुक्काम सायकलीवर : एका निवृत्त यांत्रिकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गृहस्थ बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या पठारावरील एका तालुक्याच्या गावी राहत असत. घरची माणसे त्यांना अप्पा म्हणतात, म्हणून येथेही तेच नाव ठेवले आहे. ओळख पटेल असे इतर तपशील बदलले आहेत किंवा गाळले आहेत. एसटीच्या आगारात तीस वर्षांहून अधिक काळ यांत्रिकाचे काम करून ते २०१९ मध्ये निवृत्त झाले. गावी कर्ज काढून बांधलेले तीन खोल्यांचे घर होते आणि ईपीएस-९५ (कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५) या योजनेचे निवृत्तिवेतन मिळत होते, जे दरमहा तीन हजारांच्या आत होते. एकुलता मुलगा पुण्याजवळच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, अप्पांच्या पत्नी वारल्या.

माझा या प्रकरणाशी संबंध दुहेरी आहे. गावच्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल होतो आणि अप्पा रोज संध्याकाळी वर्तमानपत्र वाचायला येत. पुढे त्यांची टपालाची पत्रे माझ्या पत्त्यावर येऊ लागली आणि त्यांच्या काही निर्णयांत मीही भागीदार झालो. त्यातला एक निर्णय चुकला, त्याविषयी पुढे लिहिले आहे. हे सर्व त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या वहीच्या आधारे लिहीत आहे. आगारात रोजच्या कामाची नोंद ठेवण्याची जी सवय लागली, तिच्यामुळे ते आजही दिवसाला तीन-चार ओळी लिहितात.

प्रश्न काय होता

पत्नीच्या निधनानंतर मुलाने त्यांना पुण्याला नेले. मुलाने आणि सुनेने त्यांना काहीही कमी पडू दिले नाही, हे अप्पा आजही आवर्जून सांगतात. तरीही त्या पाच महिन्यांत त्यांचे वजन उतरले आणि झोप गेली. पहाटेच्या पहिल्या गाडीची तपासणी करण्याच्या जुन्या वेळेला, म्हणजे साडेतीनला, ते जागे होत आणि सहाव्या मजल्यावरच्या गॅलरीत उजाडेपर्यंत बसून राहत. दिवसभर त्यांच्याकडे कोणाचेही काम अडलेले नसे. गावी परतल्यावर मात्र तीन खोल्यांत पत्नीची प्रत्येक वस्तू जागच्या जागी होती, आणि एका माणसासाठी चूल पेटवण्याचा त्यांना कंटाळा येई. वहीत त्या काळातली एकच ओळ वारंवार आली आहे : ‘भूक नाही.’

म्हणजे प्रश्न पैशाचा नव्हता, निवाऱ्याचाही नव्हता. दोन्ही ठिकाणी छप्पर होते आणि दोन्ही छपरांखाली त्यांना जगण्यात रस वाटत नव्हता.

विचारात घेतलेले पर्याय

पुण्याला परत जाणे हा मुलाचा आग्रह होता. दुसरा मार्ग गावीच राहून एखादे छोटे गॅरेज टाकण्याचा होता. तो मी सुचवला होता, परंतु दुकानाच्या भाड्याला आणि उधारीला अप्पा धजावले नाहीत. कोणा नातेवाइकाने पंढरपूरच्या एका मठात खोली घेण्याविषयी सुचवले. अप्पा एकादशी पाळत असले, तरी मठाचे वेळापत्रक म्हणजे पुन्हा आगाराचीच हजेरी, असे त्यांना वाटले.

चौथा पर्याय त्यांच्या स्वतःच्या मनातला होता आणि तो त्यांनी प्रथम वाचनालयात, आवाज खाली करून सांगितला. घर भाड्याने द्यायचे आणि सायकल घेऊन निघायचे. गावोगाव फिरणे हे मराठवाड्यातल्या माणसाला परके नाही. पैठणची नाथषष्ठी, गंगाखेड, परळी, औंढा नागनाथ, नर्सी नामदेव, तुळजापूर या वाटा पायी आणि सायकलीवर तुडवणारी माणसे आपण लहानपणापासून पाहिलेली असतात. महानुभाव पंथाने तर अटन, म्हणजे एका ठिकाणी न राहता फिरत राहणे, हा आचाराचाच भाग मानला. गाडगेबाबांनी इतरांसाठी धर्मशाळा उभारल्या, पण स्वतःसाठी कोठेही घर केले नाही. परंतु अप्पांना वैराग्य आलेले नव्हते. त्यांना निवृत्तिवेतन हवे होते, रक्तदाबाची गोळी हवी होती आणि मुलगाही हवा होता. त्यामुळे परंपरेतला कोणताच साचा त्यांना जसाच्या तसा लागू पडत नव्हता.

येथे त्यांनी जी सावधगिरी बाळगली, ती मला आजही शहाणपणाची वाटते. घर विकायचे नाही, इतकेच नव्हे तर पहिल्या फेरीपर्यंत भाड्यानेही द्यायचे नाही, असे त्यांनी ठरवले. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी गोदाकाठाने पैठणहून नांदेडपर्यंत एक फेरी केली. आपेगाव, शहागड, राक्षसभुवन, मंजरथ, गंगाखेड अशी ती वाट होती आणि आडवळणे धरून ती अडीचशे किलोमीटरच्या वर गेली. सतरा दिवस लागले. नांदेडला गुरुद्वाराच्या लंगरमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाबरोबर जेवताना आपण दुसऱ्यांदा वाढून घेतले, अशी नोंद वहीत आहे. भुकेविषयीची ती पहिली वेगळी नोंद होती, आणि पुढील निर्णय त्यांनी तिच्यावरून घेतला.

तयारी

सायकल जुनीच होती : काळी, बावीस इंची, दांड्याच्या ब्रेकची. तिच्या पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते होते. त्या हिशेबाने पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. सपाट रस्त्यावर हे ठीक आहे, पण सामान लादून बालाघाटाचे चढ चढताना साठीच्या गुडघ्यांना ते झेपत नाही. अप्पांनी फ्रीव्हील बदलून २२ दात्यांचे बसवले आणि चेनला दोन कड्या वाढवल्या. एका फेरीचे अंतर साडेचार मीटरांच्या आत आले आणि चढावर पायावरचा भार जवळजवळ पाचव्या हिश्शाने उतरला. गिअरची महागडी सायकल घ्यावी, असे मुलाच्या मित्रांनी नंतर सुचवले होते. परंतु तिचा सुटा भाग सोनपेठच्या किंवा सेलूच्या बाजारात मिळणार नाही आणि काळ्या सायकलीचा कोठेही मिळतो, हा अप्पांचा मुद्दा बिनतोड होता.

सामान चौदा किलोंचे होते. दोन जोडी कपडे, घोंगडी, मच्छरदाणी, मेणकापड, एक पातेले, पंप, पाने, सोल्यूशनची ट्यूब, जुन्या ट्यूबचे कापलेले तुकडे आणि गोळ्यांचा डबा. बाभळीच्या काट्यांचा विचार करून त्यांनी टायरच्या आत जुन्या ट्यूबचा एक पदर घातला होता. काळ्या रानातून पावसात सायकल न्यायची नाही, हे त्यांना ठाऊक होते. ओला चिखल मडगार्डमध्ये बसला की चाक फिरत नाही आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

घर ३,५०० रुपये भाड्याने एका कुटुंबाला दिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये, कार्तिकी झाल्यावर, अप्पा निघाले. मुलाला त्यांनी ‘देवदर्शनाला चाललो, महिनाभराने येतो’ असे सांगितले. घर भाड्याने दिल्याचे सांगितले नाही, आणि मलाही सांगू दिले नाही.

पहिले सहा महिने

दिवसाला पंचवीस ते तीस किलोमीटर, तेही पहाटे पाच ते साडेनऊ या वेळात, हा त्यांचा क्रम होता. गावात शिरल्यावर ते आधी पोलीस पाटलाला भेटत, आधार कार्ड दाखवत आणि रात्री कोठे टेकणार ते सांगून ठेवत. अनोळखी माणसाविषयी गावात अफवा उठायला वेळ लागत नाही, म्हणून हा नेम त्यांनी एकदाही मोडला नाही. झोपायला मारुतीच्या देवळाचा सभामंडप, मुख्याध्यापकांनी परवानगी दिली तर शाळेचा व्हरांडा, आणि परभणी-हिंगोलीकडे शेतातला एखादा आखाडा, म्हणजे रानातली गोठ्याची जागा, मिळे. त्या भागात डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली जातो, तेव्हा कडब्याच्या गंजीच्या आडोशाला सभामंडपापेक्षा अधिक ऊब असते, हे त्यांनी तेथेच शिकून घेतले. महिन्याचा खर्च अडीच ते तीन हजारांच्या दरम्यान राहिला.

वहीतला बदल येथे पाहण्यासारखा आहे. पहिल्या पंधरवड्याच्या नोंदींत किलोमीटर आणि रुपये यांखेरीज काही नाही. मार्गशीर्ष अमावास्येला ते औसा तालुक्यात होते. येळवशीच्या, म्हणजे या अमावास्येच्या, दिवशी लातूर-धाराशिवकडे सगळे गाव रानात जेवायला जाते आणि वाटसरूला हाक मारून बसवले जाते. त्या दिवशीची नोंद पाऊण पानाची आहे. भज्जी, उंडे, अंबील, कोपीतल्या (कडब्याच्या खोपीतल्या) पांडवांची पूजा, आणि ज्यांनी बोलावले त्या घरातल्या सात जणांची नावे. त्यानंतर माणसांची नावे वाढत गेली, आणि फेब्रुवारीपासून किलोमीटर लिहिणेच बंद झाले. ‘साडेतीनला जाग आली नाही’ ही ओळ जानेवारीत प्रथम दिसते. मी त्यांना सुख कशात वाटले, असे विचारले, तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले की, सकाळी उठल्यावर काय करायचे ते माहीत असते आणि रात्री ते झालेले असते.

या सहा महिन्यांतला एक प्रसंग त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. माजलगावच्या परिसरात ऊसतोड कामगारांच्या टोळीजवळ त्यांनी मुक्काम केला. कोपीबाहेर भाकरी थापणाऱ्या एका बाईने विचारले, “बाबा, तुम्हाला घर हाय म्हणता, मग असं भायेर काहून झोपता?” मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी तिला आणि तिच्या नवऱ्याला दरसाल घराला कुलूप लावून सहा महिने पाचटाच्या कोपीत काढावे लागत होते, आणि लेकरू पाठीशी होते. अप्पांना उत्तर देता आले नाही. त्या रात्रीनंतर त्यांनी ‘मला घर नाही’ असे म्हणणे सोडले. कोणी विचारले तर ‘घर भाड्याने दिले आहे’ असे ते सांगतात. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. ज्याला परतता येते त्याचे उघड्यावर झोपणे आणि ज्याला परतता येत नाही त्याचे उघड्यावर झोपणे यांना एकच शब्द वापरू नये, हे ते त्या बाईकडून शिकले.

उन्हाळ्यातील प्रसंग

एप्रिल २०२३ च्या अखेरीस गंगाखेडहून परळीकडे जाताना पंक्चर काढण्यात वेळ गेला, आणि नेम मोडून अप्पा अकरानंतरही सायकल चालवत राहिले. एका उतारावर त्यांना भोवळ आली. दुधाच्या गाडीच्या चालकाने त्यांना रस्त्याकडेला पडलेले पाहिले आणि ग्रामीण रुग्णालयात नेले. तेथे सलाइन लावून दोन दिवस ठेवले. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवीवाटे पाणी बाहेर टाकणारा घटक होता. उन्हातल्या कष्टात असा घटक शरीर लवकर कोरडे करतो. निघण्यापूर्वी डॉक्टरांना ‘मी दिवसभर सायकल चालवणार आहे’ असे सांगितले असते, तर ती गोळी तेव्हाच बदलली असती. पुढे ती बदलण्यात आली.

फोन बंद होता. त्याच आठवड्यात मुलगा न कळवता गावी आला आणि स्वतःच्या घराचे दार अनोळखी बाईने उघडलेले त्याने पाहिले. तो थेट वाचनालयात आला. अप्पा कोठे आहेत हे त्या दिवशी मलाही ठाऊक नव्हते, पण पाच महिने ठाऊक असलेली प्रत्येक गोष्ट मी त्याच्यापासून लपवली होती. त्याने पोलिसांत बेपत्ता झाल्याची तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रुग्णालयातून फोन आला.

भर म्हणून बँकेचेही अडले होते. केवायसी अद्ययावत करण्याचे पत्र घराच्या पत्त्यावर आले, भाडेकरूंनी ते घेतले नाही आणि खात्यातले व्यवहार थांबले. निवृत्तिवेतन जमा होत होते, काढता येत नव्हते. ज्याला पत्ता नाही त्याला कागदोपत्री जिवंत राहायला किती सायास पडतात, हे आम्हा दोघांना तेव्हा कळले.

दुसरा निर्णय

मे महिन्यात तिघे एकत्र बसलो. मुलगा संतापलेला होता आणि त्याचा संताप रास्त होता. “अप्पा, तुम्ही रस्त्यात गेला असता तर मला कोणी कळवलं असतं?” या प्रश्नावर बराच वेळ कोणीच बोलले नाही. त्याच्या मते फिरणे कायमचे थांबवावे, हा एकच मार्ग होता. अप्पांना पूर्वीसारखेच निघायचे होते. मी वही मुलाच्या हातात दिली आणि तो ती रात्रभर वाचत बसला. सकाळी त्याने पहिला प्रश्न विचारला तो झोपेविषयी होता : खरेच झोप लागते का?

त्यानंतर जे ठरले ते असे. रोज संध्याकाळी सात वाजता फोन करायचा, आणि न आल्यास मुलाने आधी मला आणि मग त्या गावच्या पोलीस पाटलाला विचारायचे. त्यासाठी मुक्कामाचे गाव सकाळीच कळवायचे. बँकेचा आणि टपालाचा पत्ता माझ्या मार्फत ठेवायचा. ईपीएसचा हयातीचा दाखला दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो, म्हणून तो दर ऑक्टोबरमध्ये, निघण्याआधी, द्यायचा. घरभाड्यातले दीड हजार दरमहा आजारपणासाठी वेगळे टाकायचे.

सर्वांत महत्त्वाची अट मात्र अप्पांनी स्वतः सुचवली. संन्यासी चातुर्मासात एका जागी राहतात, तसे आपणही आषाढी ते कार्तिकी एकाच गावात राहू, आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात चाक चालवणार नाही, मुलाकडे जाऊ, असे ते म्हणाले. पुण्यात पाच महिने ज्यांना जड गेले होते, त्यांनी पुण्याचे दोन महिने आपण होऊन मागून घेतले.

चार महिन्यांचा मुक्काम

गोदाकाठच्या एका गावात देवळामागची खोली त्यांना मिळाली. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे पहिलाच चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. त्या वर्षी ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला, रस्ते सुके होते आणि निघता आले असते, पण तोवर त्यांच्या खोलीसमोर सायकली उभ्या राहू लागल्या होत्या.

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. त्या गावच्या अनेक सायकली ट्यूब गेली, ब्रेकचे गुटके झिजले, एवढ्याशा कारणाने दारात गंजत होत्या आणि मुली चार किलोमीटर चालत होत्या. अप्पांनी दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत, सुट्या भागांचे मात्र घेतले. फुकटचा माल लोक जपत नाहीत, असे त्यांचे मत आहे. काही मुलींना त्यांनी पंक्चर काढायला आणि चेन बसवायला शिकवले. एक मुलगी तर चाकाचा आऊट काढण्यात, म्हणजे वाकडे फिरणारे चाक सरळ करण्यात, आता त्यांच्याइतकीच तरबेज आहे, असे ते अभिमानाने सांगतात.

काय वेगळे करता आले असते

पहिली चूक मुलापासून लपवण्याची होती, आणि ती अप्पांची जेवढी, तेवढी माझी. मित्राचा शब्द पाळणे म्हणजे त्याच्या मुलाला अंधारात ठेवणे, असा अर्थ मी घेतला. निघण्याच्या दिवशीच ‘दहा दिवसांत तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन’ असे मी म्हणायला हवे होते. डिसेंबर २०२१ च्या पहिल्या फेरीची वही तेव्हाच मुलाला दाखवली असती, तर मे महिन्यातली ती बैठक दीड वर्ष आधी झाली असती, आणि बहुधा कमी त्रासात.

दुसरी गोष्ट भाडेकराराची. टपालाविषयीचे एक वाक्य त्यात घातले असते, तर बँकेचा खोळंबा टळला असता.

घर विकले नाही, हा निर्णय पूर्णपणे बरोबर होता का, याविषयी आमच्यात मतभेद आहेत. मुलाला वाटते की घर आहे म्हणूनच हे सारे निभावले. अप्पांना वाटते की घरापेक्षा पत्ता, फोन उचलणारा माणूस आणि देवळामागची खोली यांनी निभावले. मी मुलाच्या बाजूचा आहे, कारण दरमहा येणाऱ्या ३,५०० रुपयांवाचून आजारपणाची शिल्लक पडली नसती.

सध्याची स्थिती

अप्पा आता ६४ वर्षांचे आहेत. डाव्या गुडघ्याची कुरकुर वाढली असून दिवसाचा पल्ला पंधरा किलोमीटरांवर आला आहे. चालवणे थांबेल तेव्हा कोठे राहायचे, हे अजून ठरलेले नाही. मुलाने पुण्यात खालच्या मजल्यावर घर पाहायला सुरुवात केली आहे, आणि अप्पा त्याला नको म्हणालेले नाहीत.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत गोदावरीचे पाणी त्या गावातही शिरले. देवळामागची खोली उंचावर असल्याने वाचली, पण मुलींच्या अकरा सायकली गाळात गेल्या. फ्रीव्हीलमध्ये शिरलेला गाळ रॉकेल घालून, छर्रे एकेक करून धुतल्याशिवाय निघत नाही. त्या वर्षी कार्तिकी झाली तरी अप्पा निघाले नाहीत. सात वाजताच्या फोनवर ते मुलाला रोज किती सायकली उरल्या तेवढे सांगत. अकरावी सायकल शाळेच्या वाटेला लागली तेव्हा मार्गशीर्ष उजाडला होता, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ते पाथरीच्या दिशेने निघाले.